मंगळवार, दुपारी ४ नंतर, फक्त ५

मी सात वर्षं एका खासगी हॉस्पिटलच्या बिलिंगला होते. आमच्या काउंटरच्या काचेखाली, बाहेरून दिसणार नाही असा एक कागद चिकटवलेला असायचा. हाडांच्या डॉक्टरांच्या नावापुढे त्यावर पेनाने लिहिलेलं: 'ईसीएचएस – मंगळ, ४ नंतर, फक्त ५.'

ईसीएचएस म्हणजे माजी सैनिकांची आरोग्य योजना, २००३ पासूनची. आमच्या सातारा जिल्ह्यात गल्लीत एक तरी फौजी असतोच, त्यामुळे कार्डवाले पेशंट रोजचेच. योजनेच्या दवाखान्यातून, म्हणजे पॉलिक्लिनिकमधून, रेफरलची चिठ्ठी आणायची, योजनेच्या यादीवरच्या हॉस्पिटलला दाखवायचं, पैसे योजना भरते. दर मात्र सीजीएचएसचे, म्हणजे केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी ठरलेले. स्पेशालिस्टने तपासायचे १५० रुपये. आमच्या डॉक्टरांची फी तेव्हा ६००. आणि ते १५० तरी सुखाने कुठे यायचे? बिल अपलोड करा, क्वेरीला उत्तर द्या, कपात झाली की पुन्हा कागद जोडा. ऑपरेशनच्या पॅकेजचे दर २०१४चे. त्यात आमच्याकडे एनएबीएच, म्हणजे हॉस्पिटलच्या दर्जाचं प्रमाणपत्र, नव्हतं, म्हणून आणखी कमी.

'नाही' म्हणायचं नाही, हे मला पहिल्याच आठवड्यात शिकवलेलं. यादीवरच्या हॉस्पिटलला नाही म्हणता येत नाही. तारीख देता येते. "काका, पुढच्या मंगळवारी या," हे वाक्य मी किती वेळा बोलले असेन देव जाणे.

आमचे अण्णाही कार्डवालेच. २०२२च्या पावसाळ्यात त्यांचा गुडघा सुजला. माझ्या ओळखीने घुसायचं नाही म्हणून मला न सांगता आले, रेफरल प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून. सहावे होते. शेजारच्या खिडकीवरच्या मुलीने त्यांना माझंच वाक्य माझ्याच सुरात ऐकवलं. मी मान वर केली तर अण्णा छत्री उघडत दाराकडे निघालेले.

मी ६०० भरले, साधा ओपीडी पेपर काढला. दहा मिनिटांत नंबर लागला. तेच डॉक्टर, तोच मंगळवार.

"कार्ड असताना पैसे कशापायी भरलेस गं?" रिक्षात अण्णांनी एवढंच विचारलं.

मला डॉक्टरांचा रागही धड येईना. आमचे पगार त्याच गल्ल्यातून व्हायचे, हे मला हिशेब करताना दिसत होतं. जनरल वॉर्डच्या खोलीचे दिवसाला १,००० रुपये मिळायचे. नर्स, लाइट, झाडलोट सगळं धरून बसवून दाखवा.

२०२३च्या एप्रिलमध्ये तपासणीचे १५० चे ३५० झाले, वॉर्डचे १,००० चे १,५००. महिन्याभरात आमच्या कागदावरचा ५ खोडून कुणीतरी १२ केला, पुढे शुक्रवारही आला. ना मीटिंग झाली, ना कुणाला माजी सैनिकांचा पुळका आला. ऑपरेशनचे दर मात्र जिथल्या तिथे, ते हलायला २०२५ साल उजाडलं. तोवर मी नोकरी सोडली होती.

६०० ची ती पावती अण्णांनी कार्डाच्या पाकिटात जपून ठेवलीय. पॉलिक्लिनिकला दाखवली तर पैसे परत मिळतील का, असं दोनदा विचारून झालंय.