खालची तार आणि चिऱ्याची भिंत

आज दाभोळच्या खाडीकाठी एका रिकाम्या चिरेबंदी गोदामात मित्राचं एकट्याचं डबल बास वादन रेकॉर्ड केलं. डबल बास म्हणजे व्हायोलिनसारखंच, पण माणसाहून उंच, उभं धरून वाजवायचं खालच्या सुरांचं वाद्य. नोटेशन नाही, तालाला कुणी नाही, आधी ठरलेलं काहीच नाही. सुचेल तसं वाजवायचं. आपण हे वाद्य बहुतेक वेळा जुन्या हिंदी गाण्यांच्या मागे ऐकलंय, तेही नकळत. एकटं समोर आलं की त्याचा आवाका कळतो!

सगळ्यात खालची तार साधारण ४१ हर्ट्झची. त्या सुराची लहर आठ मीटरहून लांब, दहा बाय दहाच्या खोलीत ती अख्खी मावतही नाही. इथे गज फिरला की सूर पलीकडच्या भिंतीवरून परत यायचा आणि पुढच्या सुरात मिसळायचा. हळूहळू मित्र थांबायला लागला. भिंत काय देते ते ऐकायचं, मग पुढची जागा घ्यायची. एक माईक वाद्याजवळ होता, एक दाराशी. मला दाराशीचाच आवडला. त्यात होडीच्या इंजिनाचा आवाज आलाय, तो मी मुळीच काढणार नाही.

१९६८ मध्ये बार फिलिप्स या अमेरिकन वादकाने लंडनच्या चर्चमध्ये असंच एकट्याने वाजवलं होतं. एका संगीतकाराला ते इलेक्ट्रॉनिक रचनेसाठी कच्चा माल म्हणून हवं होतं. ऐकल्यावर त्यालाच वाटलं, याची तशीच रेकॉर्ड निघायला हवी. आणि निघाली.

आमचंही तसंच ठेवतोय, वरून रिव्हर्ब, म्हणजे कृत्रिम घुमारा, नाही. ऐकायला घरी या. मोबाईलच्या स्पीकरवर ती खालची तार नीट येतच नाही.