स्क्रीनवर शून्य, गोदामात 44 सळया

नागपुरात इतवारीत आमचं लोखंडाचं दुकान आहे. सळई, अँगल, चॅनल, पत्रा. खरेदी टनावर, विक्री कधी किलोवर, कधी नगावर, आणि सगळा हिशेब बाबांच्या डोक्यात. तो टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये आणायला घेतला तेव्हा आठवड्याचं काम वाटलं होतं. तीन महिने लागले.

गिऱ्हाईक ‘आठ एमएमच्या पन्नास द्या’ असं मागतं, म्हणून मालाचं मुख्य एकक मी नग ठेवलं आणि किलो पर्यायी. दोन्ही जोडायला नेहमीचं सूत्र: मिलिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग भागिले 162, की एका मीटरचं वजन किलोत मिळतं. लोखंडाची घनता घनमीटरला 7850 किलो धरली की हाच 162 निघतो. 12 मीटरची 8 एमएमची सळई 4.74 किलो, 16 एमएमची 18.96.

मग रायपूरहून 10 टनांची गाडी आली. 5 टन आठ एमएम, 5 टन सोळा, भाडं 12,000 रुपये. भाड्याच्या खात्यात वाटणी नगाच्या संख्येवर होती, त्यामुळे 1,319 नगांवर भाडं सारखं पसरलं, प्रत्येकी 9 रुपये 10 पैसे. खरं भाडं पडतं किलोला 1 रुपया 20 पैसे. म्हणजे आठ एमएमच्या सळईला 5.69 आणि सोळाच्या सळईला 22.75. सोळाची सळई स्क्रीनवर साडेतेरा रुपयांनी स्वस्त दिसत होती, आणि मी तीच किंमत धरून एका कंत्राटदाराला भाव देऊन बसलो होतो. त्या रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या दिवसापासून किलो हे मुख्य एकक धरून टॅलीत मालाच्या नव्या नोंदी उघडल्या, शिल्लक तिकडे वळवली. किलोला तीन दशांश स्थळं ठेवली. खरेदीच्या दरात चुकून मिसळलेला 18 टक्के जीएसटीही बाहेर काढला. त्याचं क्रेडिट मिळतं, म्हणजे विक्रीवर भरायच्या करातून तो वजा होतो, म्हणून तो मालाच्या किमतीत धरायचा नाही.

एवढं करूनही एका संध्याकाळी आठ एमएमचा स्टॉक शून्याला टेकला आणि गोदामात 44 सळया पडलेल्या. मी तीनदा मोजल्या. बाबा म्हणाले, “बाबू, काट्यावर चढवल्याशिवाय लोखंडाचं वजन सांगू नको.”

बंडल चढवलं. एक सळई साधारण 4.55 किलो. सळयांच्या भारतीय मानकात, आयएस 1786 मध्ये, 10 एमएमपर्यंतच्या सळईला वजनात 7 टक्के कमीजास्त चालतं, त्यापुढे 16 पर्यंत 5 टक्के, त्याहून जाड सळईला 3. माल नियमात होता, कारखान्याची चूक नव्हती. आम्ही काट्यावर 5 टन घेतले आणि विकताना नगाला 4.74 लावून 1,055 नगांतच ते संपवले. ज्या गिऱ्हाइकांना नगावरून किलो काढून बिल दिलं, त्यांनी प्रत्येक सळईमागे न मिळालेल्या 190 ग्रॅमचे पैसे भरले होते. भाड्यातलं नुकसान आमचं होतं, हे मात्र लोकांचं होतं, आणि ते मला जास्त लागलं.

आता माल उतरला की बंडल काट्यावर जातं, नग मोजले जातात, आणि खरेदीच्या नोंदीत दोन्ही आकडे प्रत्यक्षातले पडतात. बिलातले किलो काट्यावरचे. 162 चं सूत्र फक्त अंदाजपत्रकापुरतं.

जुनी बिलं काढून फरकाची यादी केली. बाबांनी एकेकाला स्वतः फोन लावला. बहुतेकांनी ‘पुढच्या बिलात वळते करा’ म्हटलं, दोघे दुकानात येऊन पैसे घेऊन गेले.

अँगल कापून उरणाऱ्या तुकड्यांचं अजून जमलेलं नाही. दीड-दोन फुटांचा तुकडा पूर्ण दराने धरायचा की भंगारात, यावर बाबांचं आणि माझं मत जुळत नाही. तोवर त्यांचा ढीग वेगळा ठेवला आहे, आणि दर शनिवारी त्याचंही वजन होतं.