तुम्ही विचारलंत म्हणून: लोखंडाच्या ट्रेलरवर नवीन येताय तर

गावी गेलो की कोणी ना कोणी पोरगा गाठतोच, "मामा, कंटेनर सोडून लोखंडाच्या ट्रेलरवर यावं म्हणतोय, भत्ता जास्त मिळतो म्हणे, जमेल का मला?" फोनवरही तेच विचारतात, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

जमेल, नक्की जमेल. पण कंटेनरचं दार लागलं, सील पडलं की आतल्या मालाकडं तुम्हाला बघावं लागत नाही. उघड्या ट्रेलरवर माल बांधणं हीच अर्धी नोकरी आहे, आणि हे कोणी नोकरीवर घेताना नीट सांगत नाही. कारखान्यात क्रेनवाला कॉइल, म्हणजे पोलादी पत्र्याची गुंडाळी, ठेवून मोकळा होतो, तिथली माणसं चेन टाकून देतात, गेटपास मिळतो, आणि गेटाच्या बाहेर पडल्यावर त्या मालाचे मालक तुम्ही.

माझ्या पहिल्या वर्षातली गोष्ट सांगतो. दोन कॉइल घेऊन पेणकडून खोपोलीमार्गे निघालो होतो, रात्रीची वेळ, पाऊस नुकताच थांबलेला. चहाला गाडी बाजूला घेतली आणि सोबतचा जुना ड्रायव्हर म्हणाला, जा, चेनला हात लावून ये. मला वाटलं आत्ताच तर आवळून निघालोय, काय बघायचं त्यात. गेलो, पुढच्या कॉइलची चेन धरली तर ती हातात झोके खायला लागली. झालं होतं असं, की कॉइलखाली लावलेले लाकडाचे गुटके ओले होते, वजनानं ते दबले, कॉइल बोटभर खाली बसली आणि तेवढ्यानं आवळलेली चेन सैल पडली. पुढं बोरघाट होता. एक कॉइल पंधरा-वीस टनांची असते, ब्रेक दाबल्यावर घोडा, म्हणजे ट्रेलर ओढणारी पुढची गाडी, थांबतो पण कॉइलला ते कळत नाही, आणि तिच्यासमोर पहिली येते ती आपली केबिन. त्या रात्री टॉर्च तोंडात धरून दोन्ही कॉइलच्या चेन पुन्हा आवळल्या, हात थरथरत होते माझे. तेव्हापासून गेटातून निघालो की पहिल्या वीस-पंचवीस किलोमीटरच्या आत मी थांबतोच, मग दर चहाला, दर जेवणाला, आणि घाटाच्या आधी तर हमखास. तुम्हीही थांबा. मालक फोनवर "कुठं पोचला" म्हणून ओरडला तरी थांबा.

सळईचं वेगळं असतं. जालन्याचा माल धरला तर सळई बारा मीटरची, म्हणजे चाळीस फुटी ट्रेलरवर जेमतेम बसते, त्यामुळे भरताना थोडी जरी सरकली तरी मागं टोकं निघतात. पूर्वी मागं एक मीटरपर्यंत माल बाहेर चालायचा, 2014 मध्ये केंद्रानं ती सवलत काढून टाकली आणि ते फार बरं केलं, कारण रात्री मागून येणाऱ्याला ती टोकं दिसतच नाहीत, आणि किती माणसं गेली त्यात. भरणारा म्हणेल लाल फडकं बांध आणि जा. तुम्ही जाऊ नका, क्रेन परत बोलवायला लावा, त्यात दोन तास गेले तर जाऊ द्या.

ताडपत्रीला लोक कमी लेखतात. जस्त चढवलेल्या कॉइलमध्ये पाणी शिरलं की पांढरे डाग येतात, पार्टी माल परत करते आणि मग पैसे कोणाचे कापायचे यावर वाद. पावसाळ्यात भिजून जड झालेली ताडपत्री एकट्यानं वर ओढायची म्हणजे अंगातली ताकद जाते, आणि ओल्या लोखंडावर पाय सटकतो. घाई करून वर चढू नका, चांगले बूट घाला, वर असताना वाऱ्याकडं लक्ष ठेवा, ताडपत्री वाऱ्यानं फुगली की माणसाला घेऊन खाली येते.

गाडी चालवणं त्या मानानं लवकर येतं. वळताना ट्रेलरचं शेपूट आत कापतं, रिव्हर्सला स्टिअरिंग उलटं फिरवायचं, महिनाभरात हाताला सवय होते. फक्त रिकामा ट्रेलर ओल्या रस्त्यावर भरलेल्यापेक्षा जास्त दगा देतो एवढं ध्यानात ठेवा, जोरात ब्रेक मारला की मागचं सरळ बाजूला येतं. आणि घाट उतरताना न्यूट्रल कधीच नाही, डिझेल वाचवायला कोणीही सांगितलं तरी नाही.

नोकरी धरण्याआधी मालकाला तोंडावर विचारा. वराई, म्हणजे माल भरण्या-उतरवण्याची हमाली, कोण देणार, चलन आलं तर कोणाच्या खिशातून, पार्किंगला दोन-दोन दिवस माल भरायचा-उतरवायचा नंबर लागत नाही तेव्हा खुराकी, म्हणजे रोजचा जेवणखर्च, चालू राहते का, पीएफ आहे का. कायद्यानं दिवसाला आठ तास काम लिहिलेलं आहे, प्रत्यक्षात तसं चालवणारे मालक मला फार थोडे भेटले, म्हणून झोपेचा हिशोब तुम्हालाच ठेवावा लागेल. ई-वे बिलाची, म्हणजे माल नेताना लागणाऱ्या जीएसटीच्या ऑनलाइन कागदाची, मुदतही बघत चला, 200 किलोमीटरला एक दिवस मिळतो, गाडी बिघडली तर मुदत संपायच्या आत ऑफिसला फोन करून वाढवून घ्या, नाहीतर नाक्यावर अडकता तुम्ही, ऑफिसवाला नाही.

घरचेही विचारतात, किती दिवसांनी येणार. आमच्या लाईनला दहा-बारा दिवस सहज जातात, सणाला येईनच असं कबूल करू नका, पोरं वाट बघत बसतात.

आणि पहिल्या दोन-तीन ट्रिप एकट्यानं मारू नका, जुन्या माणसाबरोबर बसा. तो चेन आवळताना कान देऊन ऐका. नीट ताणलेल्या चेनवर पान्यानं टकटक केलं की खणखणीत आवाज येतो आणि सैल चेनवर बद्द येतो, तो फरक अंधारातही कळतो.