मोतीबिंदूचं हातानं ऑपरेशन अजून कशाला शिकवता?

"आता सगळीकडे मशीननं मोतीबिंदू काढतात, मग तुम्ही पोरांना हाताचं ऑपरेशन कशाला शिकवत बसता?" पेशंटचे नातेवाईक हे विचारतात, शहरातले डॉक्टर मित्रही विचारतात. मी शिकाऊ नेत्रतज्ज्ञांना हे ऑपरेशन शिकवते; तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगते.

फेकोत, म्हणजे मशीनच्या ऑपरेशनात, अडीच-तीन मिलिमीटरच्या छेदातून, अल्ट्रासाउंडच्या कंपनांनी मोतीबिंदू फोडून ओढून घेतात. सुंदर ऑपरेशन आहे, मीही करते. पण बीड-परभणीकडून आमच्या टेबलावर येणारा मोतीबिंदू बऱ्याचदा मऊ राहिलेला नसतो. दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, लेकसुना कारखान्यावर जातात आणि म्हातारी घर, नातवंडं राखत मागं राहते. तिला दवाखान्यात आणणार कोण? त्यात "पिकल्यावरच काढायचा" हा जुना समज अजून गेलेला नाही. ती येते तेव्हा बाहुली पांढरीफटक झालेली असते, नाहीतर मोतीबिंदूचा गाभा तपकिरी आणि टणक. तो फोडायला फेकोची ऊर्जा जास्त लागते आणि तिचा मार कॉर्नियाच्या, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याच्या, आतल्या पेशींवर बसतो. या पेशी माणसात पुन्हा तयार होत नाहीत. हाताच्या ऑपरेशनात, म्हणजे एसआयसीएसमध्ये (लहान छेदाच्या ऑपरेशनात), बहुधा गाभा फोडत नाहीत, अख्खा बाहेर काढतात.

निकाल कमी प्रतीचा असतो असंही नाही. पुण्यात 400 डोळ्यांवर झालेली दोन्ही पद्धतींची तुलना 2005 साली प्रसिद्ध झाली. सहा आठवड्यांनी चष्मा लावून 6/18 (निरोगी डोळ्याला 18 मीटरवरून दिसतं ते 6 मीटरवरून दिसणं) किंवा त्याहून चांगलं दिसणारे दोन्हीकडे सारखेच, 98 टक्क्यांच्या वर. बिनचष्म्याची नजर फेकोत सरस होती, हेही सांगायला हवं. नेपाळमधल्या 2007 च्या तसल्याच अभ्यासात, वाढलेल्या मोतीबिंदूंवर, फेकोला सरासरी साडेपंधरा मिनिटं लागली आणि हाताच्या ऑपरेशनला 9.

शिकवण्याचा खरा कस टनेलमध्ये, म्हणजे गाभा बाहेर काढायच्या बोगद्यासारख्या वाटेत, लागतो. डोळ्याच्या पांढऱ्या भागावर, कॉर्नियाच्या कडेपासून दीड-दोन मिलिमीटर मागं छेद घ्यायचा आणि क्रेसेंट नावाच्या वाकड्या पात्यानं थरांच्या मधून सरकत कॉर्नियात जायचं. पातं वरच्या थराखालून अंधूक दिसत राहिलं पाहिजे. स्वच्छ दिसलं तर वरचा थर पातळ झाला, भोक पडणार. दिसेनासं झालं तर खोल गेलं, वेळेआधी आत शिरणार आणि बुबुळ जखमेत येणार. नवा हात मधोमध बरोबर चालतो, कडेला गेला की चुकतो. डोळा गोल आहे हे डोक्याला माहीत असतं, मनगटाला नसतं. गोलाईबरोबर पातं कलतं करावं लागतं. मी शेजारी बसून सूक्ष्मदर्शकाच्या दुसऱ्या नळीतून बघत असते आणि एवढंच म्हणते, "कलव. अजून कलव."

टनेल आतून बाहेरच्यापेक्षा रुंद हवं. अरुंद राहिलं की गाभा तोंडाशी अडतो, शिकणारा जोर लावतो आणि ज्या पेशी वाचवायला ही पद्धत निवडली त्याच घासल्या जातात. अशा वेळी वेक्टिस (गाभा काढायचं चमच्यासारखं हत्यार) बाहेर घ्यायची, टनेल आतून वाढवायचं, व्हिस्को (पेशींना जपणारं घट्ट जेल) भरायचं आणि मग पुन्हा. नीट जमलेलं टनेल डोळ्याच्या आतल्या दाबानंच मिटतं, टाका लागत नाही.

आणखी एक प्रश्न लोक दबकत विचारतात: शिकाऊ हात गरिबाच्याच डोळ्यावर का? प्रश्न रास्त आहे, मला तो दर वेळी टोचतो. म्हणून हात आधी बोकडाच्या डोळ्यावर बसवायचा, कृत्रिम डोळ्यावर बसवायचा. आफ्रिकेतल्या शिकाऊ नेत्रतज्ज्ञांवरचा अभ्यास 2021 साली आला. त्यात कृत्रिम डोळ्यांवर कसून सराव केलेल्यांचं कौशल्य स्पष्टपणे सरस ठरलं आणि पुढच्या वर्षभरात त्यांच्या हातून मागची कॅप्सूल, म्हणजे मोतीबिंदूभोवतीच्या पातळ पिशवीची मागची बाजू, फाटण्याचं प्रमाणही बरंच कमी राहिलं. एवढा पुरावा असताना सरावाशिवाय कुणाला टेबलावर बसवणं मला मान्य नाही.

टेबलावरही आम्ही शेवटाकडून सुरुवात करतो. आधी व्हिस्को धुणं, मग भिंग बसवणं, मग कॉर्टेक्स (गाभ्याभोवतीचा मऊ थर) साफ करणं, मग टनेल, आणि गाभा काढणं सगळ्यात शेवटी. एक पायरी पक्की झाल्याशिवाय पुढची मिळत नाही. कोण हात लावणार आणि शेजारी कोण बसणार, हे पेशंटला आधी सांगितलेलं असतं. ज्याचा एकच डोळा शिल्लक आहे, त्याचं ऑपरेशन शिकणाऱ्याकडे जात नाही.

यातले बरेच जण पुढं तालुक्याच्या गावी काम करतील. तिथं फेकोचं मशीन असेलच असं नाही, असलं तरी बंद पडणार नाही असं नाही. आणि फेको चालू असताना गाभा फुटेना किंवा कॅप्सूल फाटली, तरी टनेल येणारा सर्जन तिथल्या तिथं पद्धत बदलून गाभा हातानं काढू शकतो. ज्याला टनेल येत नाही तो त्या क्षणी मशीनवर अडून बसतो आणि डोळा त्याची किंमत मोजतो. म्हणून माझ्याकडे टनेल आधी, फेको नंतर.