दोन सव्वीस

जूनचा दुसरा आठवडा होता, पावसाने नुकताच जोर धरला होता. ठाण्यात वागळे इस्टेटच्या टोकाला माझं सायकलचं दुकान आहे. तिथे एक छोटा टेम्पो थांबला आणि त्यातून तीन सायकली उतरल्या. एकाच गिऱ्हाइकाच्या. सोबत साधारण पंचावन्न वर्षांच्या एक बाई, त्यांचा भाचा आणि त्याच्या काखेत भलामोठा खोका. खोक्यात इलेक्ट्रिक किट: 250 वॅटची मोटर बसवलेलं पुढचं चाक, कंट्रोलर, 36 व्होल्ट 10 अँपिअर-अवरची बॅटरी.

"यातली कोणती घ्यायची ते तुम्ही सांगा दादा," बाई म्हणाल्या. "आमच्या घरात आठ दिवस यावरच भांडण चाललंय."

किट आधी घ्यायचं आणि सायकल मागाहून शोधायची, हे म्हणजे कुलूप आणून मग दार शोधण्यासारखं. पण मुलगा हौशी होता, मावशीसाठी पहिल्या पगारातून त्याने ते आणलं होतं. मी काही बोललो नाही.

ताईंचा डब्यांचा व्यवसाय. मानपाड्याला घर, तिथून पातलीपाडा, वाघबीळ, पुढे कासारवडवलीपर्यंत दुपारचे वीस डबे पोचवायचे. घोडबंदर रोडचा सर्व्हिस रोड, मेट्रोचे खांब, खड्डे, उलट्या दिशेने येणाऱ्या दुचाक्या. जाऊन-येऊन चौदा-पंधरा किलोमीटर. दोन वर्षांपासून गुडघा दुखायचा आणि इमारतींच्या आवारातले चढ तर उतरूनच चढावे लागायचे.

पहिली सायकल यजमानांची, अठ्ठावीस इंची काळी, सळीच्या ब्रेकची. ताईंचा जीव तिच्यात. भाच्याचं मत तिसऱ्या सायकलीला: त्याचीच, वर्षभरापूर्वीची, अ‍ॅलॉय बॉडी, पुढे-मागे शॉकअप, डिस्क ब्रेक. मधली लेडीज सायकल मुलीची, शाळेत असतानाची. ती जागा अडवते म्हणून टेम्पोत टाकली होती. जमलं तर भंगारात द्यायला.

काळीला मी लगेच बाजूला केलं. तिचा ब्रेक रिमला आतून, आसाच्या बाजूने वर खेचून दाबतो, किटच्या रिमवर तो बसतच नाही. शिवाय लोखंडी क्रोमची रिम पावसात भिजली की ब्रेक दाबून देवाचं नाव घ्यायचं. त्यात मोटर. नको.

नव्या सायकलीबद्दल मात्र भाचा ऐकेना. "एवढी मजबूत आहे काका! शॉकअप बघा."

मजबूत दिसते खरी. पण मोटर चाकाला जेवढ्या जोराने पुढे ढकलते, तेवढ्याच जोराने स्वतःच्या आसाला उलटं पिरगाळते. त्या आसाला दोन बाजू सपाट तासलेल्या असतात, मध्ये दहा मिलिमीटर. त्या चिमट्याच्या, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दुपाख्याच्या, खाचेत अडकतात म्हणून आस फिरत नाही. म्हणजे सगळा भार खाचेच्या दोन ओठांवर. ते पोलादी असतील तर सोसतात. शॉकअपच्या चिमट्याला खाली ओतीव धातू असतो, तो वाकत नाही, सरळ तडकतो.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. काही वर्षांपूर्वी अशाच शॉकअपला मोटर बसवली, टॉर्क आर्म, म्हणजे आस फिरू नये म्हणून त्याला चिमट्याशी जखडणारी पट्टी, लावायचा कंटाळा केला आणि गिऱ्हाइकाला द्यायच्या आधी स्वतः उपवनच्या चढावर नेली. थ्रॉटल पिळला. आस खाचेत गर्रकन फिरला, वायर त्याच्याभोवती गुंडाळून तुटली, चाक अर्धं बाहेर आणि मी रस्त्यावर. हनुवटीला तीन टाके. भाच्याला हनुवटी दाखवली, त्यानंतर तो जरा शांत झाला.

तरी दुसरा मुद्दा उरलाच होता. मी ताईंना म्हटलं, "तुम्ही सायकलवर बसता कशा ते दाखवा." कॅरियरवर डब्यांचा क्रेट, त्याची उंची हातभर. मागून पाय टाकायचा तर क्रेट आडवा येतो, पुढून टाकायचा तर दांडा. नव्या सायकलीला तर मागे शॉकअप असल्याने कॅरियर धड लागत नव्हता. लेडीज सायकलीला दांडा खाली वाकलेला, पाय उचलावाच लागत नाही. दुखऱ्या गुडघ्याला दुसरं काय हवं? बॉडी पोलादी, वरवर गंज, जोडांवर तडा कुठेच नाही.

"ही?" ताई आणि भाचा दोघेही एकदम.

"हीच."

आणि मग माझीच फजिती झाली. किट सव्वीस इंची, सायकलही सव्वीस इंची. मी बिनधास्त पुढचं चाक काढून मोटरचं लावायला गेलो, तर ब्रेकचे रबर रिमच्या बरेच वर, टायरवर घासतायत! एवढी वर्षं धंद्यात असून आधी टायरवरचे आकडे वाचायचे राहिले. लेडीजच्या टायरवर 26 गुणिले 1 3/8, त्याच्या रिमचा टायर बसतो तिथला व्यास 590 मिलिमीटर. किटच्या टायरवर 26 गुणिले 1.95, तिथे 559. दोन्ही "सव्वीस". रबर दोन्ही बाजूंना साडेपंधरा मिलिमीटर खाली यायला हवे होते, तेवढी ब्रेकच्या खाचेत जागा नव्हती. शिवाय चिमट्याच्या आतली रुंदी 91, मोटरला लागते 100. पोलाद थोडं फाकवता येतं, पण ब्रेकचं काय?

मी चहा मागवला. चहा पिता पिता हिशेब मांडला तेव्हा गंमत कळली. 559 मध्ये जाड टायरचे दोन्हीकडचे पन्नास-पन्नास मिळवा: 659. 590 मध्ये बारीक टायरचे पस्तीस-पस्तीस मिळवा: 660. आणि सव्वीस इंच म्हणजे 660 मिलिमीटरच. सव्वीस हा आकडा टायरच्या बाहेरच्या काठाचा, रिमचा नव्हेच. म्हणजे जाड टायरचं चाक पुढे लावलं तरी सायकल नाक खाली करणार नाही. फक्त त्या चाकाला साजेसा चिमटा हवा: पोलादी, शॉकअप नसलेला, शंभर रुंदीचा, पॉवर ब्रेक (दोन लांब हातांनी रिम दाबणारा) लागणारा.

"तुमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये एखादी जुनी रेंजर, तसल्या चिमट्याची जाड टायरची सायकल, पडलीय का?" मी विचारलं. ठाण्यातल्या कुठल्याही सोसायटीत असं विचारलं तर उत्तर हो असंच येतं. भाच्याची स्वतःचीच सातवीतली होती, धूळ खात. तो टेम्पो घेऊन गेला आणि तासाभरात आला. चिमट्याच्या हँडलकडे जाणाऱ्या नळीचा व्यास दोन्हींचा एक इंच निघाला, हे आमचं नशीब. रेंजरच्या नळीची लांबी सात मिलिमीटर जास्त, तिथे वॉशर घातले.

पुढचं काम सरळ होतं. खाचेतला रंग कानशीने काढला, आस तळाला नीट टेकला, दोन्ही बाजूंना टॉर्क आर्म लावले. पॉवर ब्रेक, मागे नवे रबर आणि केबल. बॅटरी सीटखालच्या उभ्या नळीला. भाचा हळूच म्हणाला, "सेटिंगमध्ये स्पीड वाढवता येतो ना?" येतो. पण 250 वॅट आणि ताशी 25 किलोमीटरच्या आत आहे तोवर ही सायकलच आहे, तिला नंबर प्लेट लागत नाही, मावशीला लायसन्स लागत नाही. त्यापुढे गेली की गाडी. आणि वीस डबे आमटीसह पंचविसाच्या वर पळवायचे कशाला?

संध्याकाळी क्रेटमध्ये पाण्याच्या पंधरा बाटल्या भरून मी पुन्हा उपवनला गेलो, येऊरच्या गेटकडे चढलो. थांबून नट बघितले, पुन्हा चढलो. उतारावर मुद्दाम भिजल्या रस्त्याला ब्रेक मारला. पुढचा छान धरत होता. मागची रिम लोखंडीच, ती आपल्या मर्जीने थांबत होती. ताईंना तसं स्पष्ट सांगितलं. पुढच्या महिन्यात अ‍ॅलॉय रिम घालून घ्या म्हटलं.

पंधरा दिवसांनी त्या आल्या, पण वेगळ्याच तक्रारीने. मोटरमुळे पुढचं चाक जड, त्यामुळे एका पायाच्या स्टँडवर लावली की हँडल गर्रकन वळतं आणि क्रेट कलंडतो. दोनदा वरण सांडलं होतं. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. दोन पायांचा स्टँड बसवून दिला, त्याचे पैसे घेतले नाहीत.

मग पाना घेऊन पुढचे नट तपासायला वाकलो तर प्रत्येक नटावरून चिमट्यापर्यंत एक लाल रेघ.

"नेलपॉलिश आहे," ताई म्हणाल्या. "रेघ तुटली की समजायचं नट हलला. घरच्या मिक्सरलाही मी असंच करते. तुम्ही रोज बघा म्हणालात, पण पाना लावून बघायला सकाळी वेळ कुणाला आहे?"

रेघा शाबूत होत्या. मी पाना परत ठेवला आणि हाताखालच्या पोराला समोरच्या दुकानातून नेलपॉलिशची बाटली आणायला पाठवलं.