अल्माटीची खरेदी: आधी पुस्तकं, मग कझान

कझाकस्तानातल्या अल्माटी शहरात खरेदीला तीन दिवस असतील तर पहिला कझाक भाषा शिकायच्या पुस्तकांना द्या. आधी कझानसारखी जड भांडी घेतली की ओझं दिवसभर खांद्यावर राहतं, शिवाय बाजारातल्या पाट्या वाचता येत नाहीत. भारतीय पासपोर्टवर 14 दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही, तरी निघण्याआधी नियम पुन्हा तपासा.

कझाकच्या सिरिलिक (रशियन वळणाच्या) लिपीत 42 अक्षरं आहेत: रशियन 33 आणि खास 9. लॅटिन लिपीकडे वळण्याचा हुकूम 2017 मध्ये निघाला, पण दुकानातली बहुतेक पुस्तकं अजून सिरिलिकमध्येच आहेत. म्हणून रशियन अक्षरं येत असली तरी ही 9 वेगळी पाठ करावी लागतात. मराठी माणसाला त्यातली दोन सोपी जातात: एकाचा उच्चार आपल्या ‘ॲ’सारखा, दुसऱ्याचा ‘ङ’सारखा. दोन ‘क’ मात्र नीट ऐका. एक घशातून येतो.

शब्दांचं निम्मं काम फारसी-अरबीने आधीच करून ठेवलंय. ‘किताप’ म्हणजे किताब, ‘दुकेन’ म्हणजे दुकान, ‘अप्ता’ म्हणजे हप्ता (आठवडा या अर्थाने), ‘पायदा’ म्हणजे फायदा. शब्दकोशात मात्र अनेकवचन सापडत नाही. ‘कितापतार’ दिसलं तर ‘तार’ काढा आणि ‘किताप’ शोधा. ‘लार, लेर, दार, देर, तार, तेर’ हे सहा प्रत्यय ओळखले की शोध निम्म्याने सोपा होतो.

पुस्तकांत मुलांची, मोठ्या अक्षरांतली गोष्टीची पुस्तकं पहिल्यांदा घ्या. त्यानंतर कझाक कवी अबाय कुनानबायउली (1845–1904) यांचे 45 गद्य-प्रकरणांचे ‘कारा सोझदेर’: प्रकरणं छोटी, आणि एकेक स्वतंत्र वाचता येतं. भाषांतर सोबत असलेली आवृत्ती मिळाली तर सोडू नका. मुख्तार औएझोव्ह यांची ‘अबाय झोली’ ही अबाय यांच्यावरची कादंबरी चार खंडांची आहे. ती भाषा रुळल्यावरच घ्या. शब्दकोश बहुतेक कझाक-रशियन असतात, म्हणून थोडं रशियन आलं तर ते हाताशी येतात.

अल्माटीतल्या ग्रीन बाजारात मधली दालनं दूध, मांस, सुकामेवा यांची. ‘कुर्त’ म्हणजे खारवलेल्या, वाळवलेल्या दह्याचे कडक गोळे. तोच शब्द किडा किंवा अळी या अर्थानेही वापरतात, म्हणून फोनवरचं भाषांतर कधी कधी घाबरवतं. कुमिस (घोडीच्या दुधाचं आंबवलेलं पेय) तिथेच प्या, कारण बाटलीत तो आंबत राहतो आणि झाकण उडतं. मांस, दूध-दह्याचे पदार्थ भारतात आणण्यावर निर्बंध आहेत.

आता कझान. ही बिडाची खोल कढई. घरच्या गॅससाठी सपाट बुडाचीच मागा. गोल बूड चुलीच्या कड्यावर बसतं, आपल्या शेगडीवर डुलतं. चार माणसांना सहा लिटर पुरते. त्याहून लहान भांड्यात बेशबार्माकचे (मांसाबरोबर खायच्या कझाक पदार्थाचे) 8–10 सेंमीचे कणकेचे चौकोन शिजवले की रस्सा लगेच दाट होतो आणि चौकोन एकमेकांना चिकटतात. घेण्याआधी बोटाच्या पेराने वाजवा: खणखणीत आवाज यायला हवा, बद्द आला तर तडा असू शकतो. आतला पृष्ठभाग तळहाताने चाचपा. फुगे, खड्डे असतील तर दुसरी काढायला सांगा.

बीड पडलं की फुटतं. आत कपडे ठासून भरा, झाकण वेगळं गुंडाळा, आणि चेक-इन सामानातच टाका. विमान कंपनीच्या वजनमर्यादेत बसतं का, ते कझानचं वजन करून आधी काट्यावर बघा.

घरी आल्यावर एकदा साबणाने धुऊन कारखान्याचं तेल काढा. पूर्ण वाळवा, तळाशी दोन बोटं जाडं मीठ घालून मंद आचेवर तासभर परता, मीठ टाकून द्या. मग तेलाचा अगदी पातळ हात फिरवा, धूर येईपर्यंत तापवा, असं तीनदा. तेल जास्त झालं की चिकट, पिवळट थर बसतो. तसं झालं तर खरडून पुन्हा सुरुवात करा. पहिले काही दिवस टोमॅटो, चिंच घालू नका. आंबटाने थर सुटतो.