वाटणीचं बोलणं आणि निसर्गदत्त महाराज
आज परत वाटणीचा विषय निघाला, दादा आणि काका दोघंही आवाज चढवून बोलत होते, आई आत रडत होती आणि मला खरंच वाटलं सगळं सोडून निघून जावं. पण 'मी आहे' या भानात राहा असं सांगणारे मुंबईचे संत निसर्गदत्त महाराज आठवले. गुरू सिद्धरामेश्वर महाराज १९३६ ला गेले, त्यानंतर तेही घर सोडून निघाले होते आणि काही महिन्यांनी मुंबईत परत आले, बायकामुलांत, विड्यांच्या धंद्यात, किती मोठी गोष्ट आहे ही!! दादाचा राग आणि माझी भीती, दोन्हीच्या मागचं 'मी आहे' हे भान एकच, आज थोडा वेळ का होईना जाणवलं. मग काकांना पाणी दिलं, आईजवळ बसलो. सातबाऱ्याचं काहीच ठरलं नाही, रविवारी परत बसायचंय.